बान-होक मिस्त्रीचा कौल

बान-होक मिस्त्रीला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे आपल्या डोक्याचा, आणि दुसरी म्हणजे उजव्या अंगठ्याच्या नखाचा. बेटावरच्या झाडून सगळ्या बोटींची इंजिनं त्याच्या डोक्यात होती. कुणाचा पिस्टन कधी बदलला, कुणाच्या हेडला चीर गेली, कुणाचं इंजिन थंडीत कुरकुरतं, हे त्याला तांडेलांपेक्षा जास्त ठाऊक. आणि नख कशासाठी, तर नवा लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, ब्लॉकमध्ये बसवला की तो अंगठ्याचं नख ब्लॉकवरून लायनरच्या कडेकडे सरकवायचा. नख किंचित अडलं पाहिजे. लायनर ब्लॉकच्या पातळीहून केसभर वर असला म्हणजे वरचं झाकण, म्हणजे हेड, त्याला घट्ट दाबून बसतं, आतली आग आत राहते आणि पाणी पाण्याच्या जागी. मापं घ्यायची हत्यारं त्याच्याकडे होती, नाही असं नाही. पण ती पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली असायची.

माणूस कामाचा होता आणि तोंडाचा फाटका. कुणी घाई केली की म्हणायचा, "तुझ्या बायकोला नऊ महिने लागतात, मला चार दिवस लागले तर बोंब?" सुपारीनं ओठ लाल, अंगाला कायम डिझेलचा वास. बायको गेल्यापासून घरची चूल पेटली ती फक्त चहापुरती. दुपारचा डबा यायचा छिंग-सुई तांडेलाच्या घरून. छिंग-सुईची बायको ग्योक-हा रताळं घातलेली पेज, वर एखादा तळलेला मासा, खारवलेला मुळा असं काहीबाही पाठवायची. मिस्त्रीनं कधी आभार मानले नाहीत आणि तिनंही कधी ते ऐकायची वाट पाहिली नाही. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावोजी. नातं रक्ताचं नव्हतं, पण डबा रोजचा होता.

त्या वर्षी बोय माशांचा हंगाम तोंडावर आला आणि छिंग-सुईच्या बोटीनं काळा धूर ओकायला सुरुवात केली. थंडी पडली की बोयांचे थवे उत्तरेकडून खाली येतात, पोटात अंड्यांची गाबोळी घेऊन. ते मोजके दिवस साधले तर वर्ष सुखाचं जातं, हुकले तर पुढच्या थंडीपर्यंत नुसती बांगड्यांवर गुजराण. मिस्त्रीनं इंजिन उघडलं. सहाही लायनर झिजून ओरखडले होते, रिंगा ढिल्या पडल्या होत्या. लायनर-पिस्टनचं नवं किट आणण्यावाचून इलाज नव्हता.

त्यानं काओशुंग शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. गल्ल्यावरची मुलगी गोड आवाजाची होती.

"काका, ब्लॉकवर नंबर ठोकलाय ना, त्याच्या शेवटचं अक्षर तेवढं बघून सांगा. या इंजिनाचे दोन ब्लॉक आहेत, जुना आणि नवा. पिस्टन एकच चालतो, पण नव्यात लायनरची कॉलर, वरची कड हो, जाड आहे. किटं वेगळी येतात."

नंबर होता पाण्याच्या पंपामागे, रंगाच्या आणि वंगणाच्या थराखाली. तारेचा ब्रश घेऊन घासला असता तर दिसला असता. मिस्त्री त्याच्यापासून दोन हातांवर उकिडवा बसला होता.

"पोरी, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी हे इंजिन उघडतोय. जुन्याचं पाठव."

"हो काका, पण एकदा नजर टाकली असतीत तर—"

"मला शिकवतेस? पाठव म्हटलं की पाठवायचं!"

मुलीनं जुन्याचं किट लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मिस्त्री वर डेकवर बसलेल्या खलाशांना म्हणाला, "आजकाल दुकानात पोरीबाळी बसवतात आणि त्या आपल्याला इंजिन सांगतात." खलाशी हसले. मिस्त्रीही हसला.

किट लाँचनं आलं, आणि पाठोपाठ ईशान्येचा वारा आला. असा वारा सुटला की आमच्या बेटावर माणसं तिरकी चालतात आणि लाँच बंद होते. मिस्त्रीनं पहिला लायनर पुसला, तेल लावलं, ब्लॉकमध्ये सरकवला. तो अगदी अलगद बसला. त्यानं सवयीनं अंगठा टेकवला आणि नख फिरवलं.

नख अडलं नाही. उलट ते लायनरच्या कडेशी किंचित खाली उतरलं.

त्यानं लायनर काढला, बैठक पुसली, पुन्हा बसवला. पुन्हा तेच. दुसरा बसवून पाहिला, तिसरा पाहिला. मग तो तारेचा ब्रश घेऊन पंपामागे वाकला आणि घासू लागला. रंग निघाला, गंज निघाला आणि अक्षर दिसलं. ते नव्या ब्लॉकचं होतं.

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्यानं वर डेकच्या झाकणाकडे पाहिलं. त्याला लाज वाटली, इतकी की त्या फोनवरच्या मुलीचा चेहरा कधी पाहिला नसूनही तो डोळ्यांसमोर उभा राहिला. चूक होते, कुणाकडूनही होते. पण ही चूक त्यानं, त्या मुलीनं दोनदा बजावलेलं असताना, खलाशांना हसवत केली होती. त्यानं बोटानं वंगण घेतलं आणि त्या अक्षरावर परत फासलं.

तेवढ्यात वरून छिंग-सुईनं डोकं आत घातलं.

"काय मिस्त्री, बसला का लायनर?"

"बसला की."

खोटं नव्हतं ते. लायनर बसला होताच.

"मग बेस झालं. अरे, पलीकडच्या गावचा तांडेल आला होता. त्याच्या दोन बोटींवर माणसं कमी आहेत. म्हणाला, तुझं इंजिन होत नसेल तर तू आणि तुझे खलाशी सगळे या, वाटा देतो. आज सांगायचंय त्याला." छिंग-सुई खाली उतरून आला आणि मिस्त्रीच्या शेजारी बसला. "खरं सांग, होणार ना? नसेल तर मी त्याला हो म्हणतो. हंगाम तर बुडणार नाही."

सांगायची वेळ होती ती. दोन वाक्यांचं काम होतं. किट चुकलं, माझ्याकडून चुकलं, तू त्याच्या बोटीवर जा. छिंग-सुईनं चार शिव्या दिल्या असत्या, खलाशांनी महिनाभर टर उडवली असती, आणि तांडेलाच्या नि खलाशांच्या मिळून सहा घरांत गाबोळी वाळत पडली असती. मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "एक-दोन ठिकाणी तांब्याचे वायसर घालावे लागतील. आईला विचारतो आणि सांगतो."

छिंग-सुईला यात वावगं काही वाटलं नाही. बोटीला रंग कुठला द्यायचा इथपासून सून कुठली करायची इथपर्यंत सगळं आम्ही समुद्रदेवी मात्सू आईला विचारतो. समुद्र तिचा, माणसं तिची. इंजिन काय तिच्या राज्याबाहेर आहे?

"विचार," छिंग-सुई म्हणाला. "तिनं हो म्हटलं तर मी कुणाच्या बोटीवर जात नाही."

देवळात त्या वेळी लान आजीखेरीज कुणी नव्हतं. ती केर काढत होती. मिस्त्रीनं उदबत्त्या लावल्या आणि कौलाचे दोन लाकडी तुकडे हातात घेतले, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. जमिनीवर टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर आईचा होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर आई हसते आहे, म्हणजे तुझा प्रश्नच तिला पटलेला नाही. आणि होकार तीनदा लागोपाठ यावा लागतो.

"आई," तो पुटपुटला, "पातळ कॉलरचे लायनर, खाली तांब्याचे वायसर. इंजिन टिकेल ना?"

तुकडे पडले. दोन्ही फुगीर.

"निदान या हंगामापुरतं तरी?"

पुन्हा नकार.

"मी अगदी जपून कापतो वायसर. एका जाडीचे. मग?"

दोन्ही सपाट. आई हसली. मिस्त्रीला घाम फुटला. मग त्यानं तुकडे पुन्हा उचलले आणि फार खालच्या आवाजात विचारलं, "आई, छिंग-सुईचं भलं व्हावं असं तुला वाटतं ना?"

होकार. परत टाकले, होकार. तिसऱ्यांदाही होकार.

झाडू थांबला होता. "बान-होक," लान आजी म्हणाली, "देवीला असं फिरवून फिरवून विचारतात होय? लेकराचं भलं नको, असं कुठली आई म्हणेल?"

"तीन कौल मिळाले आजी."

"मिळाले. कशाचे मिळाले ते मी ऐकलंय." आणि ती पुन्हा केर काढू लागली. देवळात कानावर पडलेलं देवळाबाहेर न्यायचं नाही, ही तिची आयुष्यभराची शिस्त होती. मिस्त्रीला ते माहीत होतं, आणि त्याच भरवशावर तो उठला. हेही त्याला नंतर आठवायचं आणि जीव नको व्हायचा.

बाहेर येऊन तो छिंग-सुईला म्हणाला, "लागोपाठ तीन कौल."

बस्स. कशाचे ते छिंग-सुईनं विचारलं नाही. ग्योक-हानं ते ऐकलं आणि दोन्ही हात जोडले. दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांच्या तोंडी झालं की इंजिनाला खुद्द आईचा कौल आहे. पलीकडच्या गावच्या तांडेलाला नकार गेला. त्या दिवशी मिस्त्रीच्या डब्यात पेजेऐवजी शेवया आल्या, शिंपल्या घालून, वर अख्खं अंडं. त्यानं डबा झाकून बाजूला सारला. पण टाकायची लाज वाटली म्हणून त्यानं ते संपवलं.

वायसर त्यानं खरोखर जीव ओतून कापले. आयुष्यात एवढ्या मन लावून त्यानं काही केलं नसेल. पेटीच्या तळाची हत्यारं वर काढली, मापं घेतली, कानशीनं घासले, पुन्हा मापं घेतली. तरी हातानं कापलेला पत्रा तो. सहापैकी चार ठिकाणी नख बरं अडलं, दोन ठिकाणी अडल्यासारखं वाटलं. त्यानं स्वतःला सांगितलं की अडलं.

ज्या मिस्त्रीनं इंजिन बांधलं त्यानं पहिल्या फेरीला बोटीवर जायचं, हा बंदराचा रिवाज. काम चोख असेल तर त्याच्यासकट परत येईल, नसेल तर त्याच्यासकट बुडेल. वारा जरा पडला तशी बोट निघाली. बंदराच्या तोंडापर्यंत इंजिन मधासारखं चाललं. खलाशांनी मिस्त्रीच्या पाठीवर थापा मारल्या. छिंग-सुई सुकाणूवरून ओरडला, "काय आवाज आहे रे! आईचा हात फिरलाय त्याच्यावर!"

थवा सापडला. पाणी नुसतं काळंभोर झालं होतं. जाळं पडलं, बोटीवर भार आला आणि इंजिनानं जोर घेतला. मिस्त्री खालीच बसून होता. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत एक बुडबुडा आला, मग दुसरा. मग ती टाकी चुलीवरच्या भांड्यासारखी खदखदू लागली. आतली आग पाण्यात घुसली होती, नेमकी त्या दोन लायनरांपाशी. त्यानं इंजिन बंद केलं. वर एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत त्याला छिंग-सुईचा आवाज ऐकू आला, "मिस्त्री? काय झालं मिस्त्री?"

जाळं कापावं लागलं. शेजारच्या एका बोटीनं दोर टाकून त्यांना बंदरात ओढत आणलं, आणि त्या नादात तिचाही थवा गेला. परतताना छिंग-सुई मिस्त्रीजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तू वेळेवर बंद केलंस म्हणून निभावलं. नाहीतर इंजिन तर गेलंच असतं, आम्हीही गेलो असतो." मिस्त्री समुद्राकडे पाहत राहिला. तेव्हाही त्यानं किटचं सांगितलं नाही.

हंगाम गेला. लोकांनी मिस्त्रीला बोल लावला असता तर बरं झालं असतं, पण कुणी लावला नाही. कसा लावणार? इंजिनाला आईचा कौल होता. आईनं हो म्हटलं आणि तरी असं झालं, याचा अर्थ आमच्याकडे एकच निघतो: घरातल्या कुणाची तरी चूक आहे. बायका आधी हळू बोलल्या, मग मोठ्यानं. आणि ग्योक-हाला बोलून दाखवायचीही गरज पडली नाही. तिला आपली चूक ठाऊक होती.

सून बाळंतपणात अडली होती तेव्हा तिनं नवस केला होता, आई, दोन जीव सुटू देत, तुझ्यापुढे बाहुल्यांच्या नाटकाचा खेळ लावीन. दोन जीव सुटले. खेळ राहिला. आज करू, उद्या करू, हंगामानंतर करू. आता तिनं अन्न सोडलं, नुसत्या पेजेच्या पाण्यावर राहू लागली. नातवाला कडेवर घेईना, म्हणे माझ्या हाताला दोष आहे. मिस्त्रीचा डबा मात्र येत राहिला. आणून देताना एकदा ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही एवढं जीव ओतून केलंत आणि माझ्या पायी तुमच्या हाताला बट्टा लागला. मनात धरू नका हो."

मिस्त्रीनं मान हलवली. ती गेल्यावर त्यानं कपाळ भिंतीवर आपटून घेतलं. सांगायचं, आजच सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पण जितके दिवस जात होते तितकं सांगायचं वाढत होतं. आधी फक्त किट होतं. मग खोटा कौल आला, मग सहा घरांचा हंगाम, आता उपाशी बसलेली ही बाई. सगळ्याचं तोंड एकदम कसं उघडायचं?

नव्या वर्षाच्या आधी ग्योक-हानं देवळात कौल लावायचं ठरवलं, चारचौघांसमोर. चूक आपल्या तोंडानं कबूल करायची, आईकडून वदवून घ्यायची आणि प्रायश्चित्त मागायचं. गल्ली लोटली होती. मिस्त्री खांबाआड उभा राहिला. लान आजी दिव्यात तेल घालत होती. तिनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वातीकडे वळली.

ग्योक-हा गुडघ्यांवर बसली. गालफडं बसली होती, अंगरखा अंगावर नुसता लोंबत होता. "आई, माझा नवस राहिला म्हणून हे झालं ना?"

तुकडे पडले. दोन्ही फुगीर. नकार.

लोक कुजबुजले. ग्योक-हानं मान हलवली. "आई मला वाचवतेय," ती म्हणाली. "नको वाचवूस. माझीच चूक ना?"

पुन्हा नकार.

"ऊठ आता," छिंग-सुई घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नाही म्हणतेय ना ती!"

"तुम्ही थांबा हो. तिला माझी दया येतेय." तिनं तुकडे परत उचलले. "आई, होकार देईपर्यंत मी उठायची नाही. माझीच चूक ना?"

तुकडे फरशीवर वाजले. दोन्ही सपाट. ती पुन्हा वाकली, पुन्हा उचलले. आपल्या माथी दोष मारून घ्यायला ती देवीशी भांडत होती. आणि खांबाआडच्या माणसाला आपण याच फरशीवर, हेच तुकडे घेऊन, दोष टाळायला कसे भांडलो होतो ते दिसत होतं. ते त्याला सोसवेना.

"तिला कशाला विचारतेस वहिनी," मिस्त्री म्हणाला. "मला विचार."

सगळी डोकी वळली. तो पुढे आला आणि तिच्याशेजारी फरशीवरच बसला.

"किट चुकीचं होतं. दुकानातल्या पोरीनं दोनदा सांगितलं, नंबर बघा. मी बघितला नाही. पहिला लायनर घातला त्याच दिवशी मला कळलं."

"त्याच दिवशी?" छिंग-सुई म्हणाला. "मी तुझ्याशेजारी बसून विचारलं, त्या दिवशी?"

"हो."

"आणि आईचा कौल?"

"इंजिनाचं विचारलं तेव्हा तिनं नाहीच म्हटलं. दोनदा. तिसऱ्यांदा ती हसली. मग मी भलतंच विचारलं, आणि ते तुम्हाला सांगितलं. आईनं तुम्हाला फसवलं नाही. मी फसवलं."

छिंग-सुईच्या मुठी वळल्या आणि तशाच राहिल्या. "किट चुकलं ते मी विसरेन, बान-होक," तो शेवटी म्हणाला. "पण ही इतके दिवस पाण्यावर होती, आणि तू हिच्याच हातचं जेवत होतास."

मिस्त्रीनं मान खाली घातली. आता शिव्या येतील, आता कुणीतरी वहाण काढेल. तो त्याची वाटच पाहत होता. मार पडला असता तर निदान काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं.

ग्योक-हा त्याच्याकडे टक लावून बघत होती. "म्हणजे," तिनं हळूच विचारलं, "आई माझ्यावर रागावलेली नाही?"

"नाही वहिनी."

"माझ्या नवसाचं काही नाही?"

"काही नाही. माझंच सगळं."

ती हसली. हसता हसता रडली, देवीपुढे डोकं टेकलं, पुन्हा हसली. उठताना तिचा तोल गेला तर मिस्त्रीचाच खांदा धरून ती उभी राहिली. त्याला एक वाईट शब्द न बोलता ती गर्दीतून वाट काढत पायऱ्यांवर गेली. सून नातवाला घेऊन बाहेर उभी होती. ग्योक-हानं त्याला ओढून घेतलं, छातीशी धरलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. घरात पोर जन्मल्यावर ओरडतात ना, तशी.

"अगं, आईचा राग नाही! मिस्त्रीची चूक होती! ऐकलंत का गं, मिस्त्रीची चूक होती!"

ती दारोदार सांगत चालली होती. आवाज लांब जात होता, आणि प्रत्येक दाराशी तो जास्तच आनंदी होत होता. मिस्त्री फरशीवर बसून ते सगळं ऐकत राहिला.